निर्मळ प्रवाळ

डॉ. सबनीसांनी ती काचेची बशी दोन बोटांच्या चिमटीत उचलली, एखादी सुगरण आमटीत पडलेली माशी उचलते तशी, आणि खिडकीच्या उजेडात धरली. बशीच्या मधोमध प्रवाळाच्या सांगाड्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा होता. त्याच्याभोवती राखाडी, मऊ, लोकरीसारखे एक वलय पसरले होते.

“हे काय आहे, देवस्थळी?”

“बुरशी, सर.”

“ती मलाही दिसते. माझ्या प्रयोगशाळेत ती काय करते आहे, असा माझा प्रश्न आहे.”

मी म्हणालो की ती बाहेरून आलेली नाही, त्या तुकड्याच्या आतून उगवली आहे. हे वाक्य मी सकाळपासून मनात घोळवीत होतो. तरी तोंडातून निघताना त्याचा उत्तरार्ध ओठांतच विरला. सबनीसांनी बशी खाली ठेवली, खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला आणि एकेक बोट सावकाश पुसले.

“हात धुऊन कामाला बसत चला,” ते म्हणाले. “शक्यतो साबणाने.”

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. सुताराला तुझा रंधा तिरपा चालतो म्हणावे, आचाऱ्याला तुझ्या पातेल्याला कालचा वास येतो म्हणावे, तसे ते आहे. शेजारच्या टेबलावर चारुशीला वायंगणकर खुदकन हसली. मी मान खाली घातली. माझ्या हातांना तेव्हाही साबणाचाच वास येत होता.

मालवणच्या दक्षिणेला, समुद्राला अगदी खेटून उभ्या असलेल्या एका लहानशा संशोधनशाळेत हे घडले. मी नुकताच घाटावरून तिथे आलो होतो. समुद्रावर माझे प्रेम होते आणि माणसांचे भय. आमच्या खिडकीतून मधला खडप, म्हणजे समुद्रातला एक बसका खडक, दिसे. भरतीला तो बुडे, ओहोटीला त्याची काळी पाठ वर येई, आणि त्या पाठीच्या उतारावर, दोन पुरुष खोल पाण्यात, प्रवाळांच्या वसाहती होत्या: तपकिरी, गोलसर, लांबून धोंड्यासारख्या दिसणाऱ्या, जवळ गेले की अंगभर इवल्याइवल्या फुलांनी श्वास घेणाऱ्या.

त्या खडपावर बंदराचा नवा धक्का येणार होता. पुढचा पावसाळा सरला की सुरुंग लागायचे होते, आणि पावसाळ्यात समुद्र कोणाला आत घेत नाही. म्हणजे जे वाचवायचे ते वैशाखाआधी. प्रवाळ उचलून दक्षिणेच्या एका शांत खडकावर नेऊन बसवावेत, अशी योजना डॉ. सबनीसांनी मांडली होती. सरकारी समिती फाल्गुनात येऊन पाहणार होती. तिने होकार दिला तर प्रवाळ हलणार होते. नाही दिला तर खडपाबरोबर फुटणार होते. तिसरी वाट नव्हती.

सबनीस आमचे प्रमुख. समुद्रावर व्याख्यान देताना त्यांचा आवाज भरून येई. समुद्रात उतरताना मात्र त्यांना कोणी पाहिले नव्हते. बूट भिजतील म्हणून ते वाळूतूनही चालत नसत. धक्क्यापासून कार्यालयापर्यंत त्यांच्यासाठी फरश्या टाकल्या होत्या. आदल्या वर्षी ते एका परदेशी परिषदेला जाऊन आले. तिकडच्या समुद्रात एका बुरशीने समुद्रपंखे नावाच्या प्रवाळांची बनेच्या बने मारली होती, हे खरेच होते. गावात एक खुनी निघाला म्हणून सगळा गाव सुळावर चढवावा, तसल्या न्यायाने सबनीसांनी ठरवले की बुरशी ही प्रवाळाची वैरीण आहे आणि आपले प्रवाळ नव्या घरी जातील ते न्हाऊन, शुद्ध होऊन जातील. योजनेचे नाव ‘निर्मळ प्रवाळ’. माझा समज असा आहे की त्यांना नाव आधी सुचले आणि योजना नंतर.

त्यातले औषध म्हणजे साधे जेन्शन व्हायोलेट. लहानपणी तोंड आले की आई कापसाच्या बोळ्याने जिभेला लावायची, तेच जांभळे पाणी. खडपावरून प्रवाळाचे तुकडे आणायचे, पांढऱ्या सिमेंटच्या चकत्यांवर चिकटवायचे, त्या जांभळ्या पाण्यात बुडवून काढायचे आणि टाकीत वाढवायचे. हा झाला नमुना. तो पाहून समितीने मान डोलावली की खडपावरच्या सगळ्या वसाहतींना तीच आंघोळ.

चारुशीला ह्या प्रकाराला पोरांची दिवाळीची आंघोळ म्हणत असे. ती देवबागची, बोलायला तिखट आणि पाण्यात माशासारखी. सबनीसांच्या हाताखाली ती खडपावरच प्रबंध लिहीत होती आणि तो जवळजवळ पुरा झाला होता. त्यातल्या एका अख्ख्या प्रकरणाचा निष्कर्ष असा होता की मधल्या खडपावरील प्रवाळ बुरशीमुक्त आहेत. सबनीस जिथेतिथे त्या प्रकरणाचा दाखला देत. त्यावरून त्यांचे तर्कशास्त्रही समजते: प्रवाळात बुरशी नाही, म्हणून तो निर्मळ, आणि तो निर्मळ राहावा, म्हणून नसलेल्या बुरशीवर औषध.

आता ती बशी कशी निपजली, ते सांगतो. प्रवाळावरचे जीवाणू मोजायचे तर बशीत अगराचा, म्हणजे समुद्रशेवाळाच्या खळीचा, थर ओतावा लागतो, आणि त्या अगरात आमच्याकडे बुरशीनाशकाचे चार थेंब घालायची रीत होती. बुरशी फोफावली की जीवाणूंच्या ठिपक्यांवर पसरते आणि मोजणी बिघडते, म्हणून कोणीतरी, कधीतरी ती रीत घातली असणार. पुढे ती पिढीजात झाली. लोणच्यात हिंग का, असे सून सासूला विचारत नाही, तसे आम्हीही विचारले नाही. मग त्याच बशांत आम्ही बुरशीही शोधली आणि ती मिळाली नाही असे लिहिले. त्या हिवाळ्यात बुरशीनाशकाची बाटली संपली, नवी वेळेवर आली नाही आणि मी थेंबांवाचून बशा ओतल्या. त्या आठवड्यात माझ्या बशांत ते राखाडी वलय उगवले.

सबनीस निघून गेल्यावर चारुशीलेने मला फर्मावले की ती घाण आधी बाहेर टाकून ये. मी ती टाकली नाही. दुसरा एक तुकडा घेतला, त्याचा बाहेरचा भाग स्पिरिटने पुसला, ज्योतीवरून फिरवला, तो फोडला आणि गाभ्यातली कणी नव्या बशीत ठेवली. तिसऱ्यांदाही तसेच केले. दर वेळी वलय आतूनच उगवले. मग मी सांगाड्याची एक चकती इतकी पातळ घासली की तिच्यातून उजेड आरपार जाऊ लागला, ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि चारुशीलेला हाक मारली. कोणाला आपण होऊन हाक मारण्याची ती माझी तिथली पहिलीच वेळ असावी.

ती डोळा लावायच्या आधीच बोलू लागली. “अरे मेल्या, बुरशी ती बुरशी. लोणच्याक लागली तर आमी बरणी उकिरड्यार टाकतंव, आणि तू हय तिची पूजा मांडून बसलंस.”

मग तिने डोळा लावला.

पांढऱ्या चुन्याच्या त्या इमारतीतून तंतू गेले होते, केसाहून बारीक, फाटे फुटत गेलेले, संथ. जिथे एखादा तंतू जिवंत प्राण्याच्या अगदी जवळ पोचला होता, तिथे प्रवाळाने त्याच्या टोकाशी चुन्याचा एक दाट मणी रचला होता, शिंपला मोती रचतो तसा. हे आक्रमण होते आणि हा बंदोबस्त होता. तरीही दोघांपैकी कोणी कोणाला संपवले नव्हते. किती वर्षे ते असे एकमेकांना अंतरावर ठेवून एकत्र नांदत होते, कोण जाणे. मला ते पाहताना उगीच गलबलून आले होते.

“ह्यां माझ्या प्रबंधात नाय,” ती शेवटी म्हणाली.

“नाही.”

“चार वर्सां मी घराचां दार लावन बसलंय, आणि लिवतंय की हय कोण येणा नाय.”

तिने विचारले की ही तिथे करते तरी काय. मला जे ठाऊक होते ते मी सांगितले. प्रवाळ हा कधी एकटा नसतोच. त्याच्या कातडीत शैवाल राहते आणि त्याला अन्न देते; त्याच्यावरच्या चिकट थरात जीवाणू राहतात; आणि सांगाड्याच्या अंधारात ही. मेलेले, सडलेले कुजवून ती पुन्हा कामी आणते. प्रवाळाला लागणाऱ्या नत्राच्या उलाढालीत तिचा हात असावा, असे काहींचे म्हणणे आहे. सांगाड्यात भोके पाडणाऱ्या हिरव्या शैवालावरही ती जगते, म्हणजे एका चोरावर दुसरा पहारा. आणि प्रवाळ दुबळा झाला तर तीच त्याला खातेही. मी हेही सांगितले की यातले किती या खडपाला लागू आहे ते मला माहीत नाही. पण घरात काय काम करतो हे ठाऊक नसलेल्या माणसाला घराबाहेर काढण्याआधी निदान विचारावे तरी.

चारुशीला माझ्याकडे पाहत राहिली. मला एका दमात इतके बोलताना तिने कधी ऐकले नव्हते.

मी सबनीसांकडे गेलो तो नम्रपणे गेलो. बुरशीची बाजू मांडली नाही. एवढेच विनवले की निम्मे तुकडे औषधाविना ठेवू द्यावेत, म्हणजे तुलना होईल. ते खुर्चीत मागे रेलले आणि मला बसा म्हणाले नाहीत. मी अजून लहान आहे, असे त्यांनी मला समजावले. समितीला विज्ञान नको असते, विश्वास हवा असतो. दोन तऱ्हेचे तुकडे दिसले की समितीच्या प्रमुख बाई विचारणार की यातले बरोबर कोणते. एक शंका म्हणजे दहा शंका. मग त्या योजना गुंडाळून ठेवतील आणि तुमचे लाडके प्रवाळ सुरुंगाने उडतील. हे चालेल का तुम्हाला?

मी नाही म्हणालो.

“ज्याला खात्री नसते तो साक्षीदार शोधतो, देवस्थळी. मला खात्री आहे.”

ते वाक्य त्यांना आवडले असावे, कारण पुढच्याच आठवड्यात एका शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांनी ते पुन्हा म्हटले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आधी होता तो धाक त्या दुपारी गळून पडला. धाकाच्या खाली तिरस्कार इतका स्वच्छ, इतका तयार बसलेला असेल, याची मला कल्पना नव्हती. मी लाजाळू माणूस; मला कोणावर ओरडता येत नाही. पण त्यांचा तो रुमाल, त्या फरश्या, व्याख्यानात भरून येणारा तो आवाज, हे सगळे मी त्या दिवसापासून जपून, मन लावून तुच्छ मानू लागलो, जसे दुसरे कोणी देवाचे नाव घेतील.

औषधाचे काम माझ्याकडेच होते. मी निम्मे तुकडे बुडवले आणि निम्मे बुडवले नाहीत. चारुशीला समोर चकत्या पुसत बसली होती. तिने पाहिले आणि पुढची चकती माझ्या हातात दिली.

बुडवलेले तुकडे पहिल्या दिवसांत खरोखर देखणे दिसत. अंगावरचा जांभळा रंग वाहत्या पाण्यात उतरे, फक्त सिमेंटच्या बुडात तो कायमचा मुरे, आणि वरचा प्रवाळ धुतल्यासारखा चमके. मग हळूहळू तो फिकट होऊ लागला, मग पांढरा, आणि पांढऱ्यावर हिरवी शेवाळी गोधडी चढू लागली. न बुडवलेले तसेच राहिले. तपकिरी, गबाळे, रात्रंदिवस श्वास घेणारे. औषधाने ते मेले की बुरशी गेल्याने मेले, असे चारुशीलेने मला विचारले. हे मला तेव्हा सांगता आले नाही आणि आजही पुरते सांगता येत नाही. एवढे मात्र कोणालाही दिसत होते की जांभळ्या बुडाचे मरत होते आणि पांढऱ्या बुडाचे जगत होते.

कोणालाही म्हणजे जो टाकीत हात घालील त्याला. सबनीस टाक्यांच्या शेडमध्ये दारापर्यंत येत. एकदा त्यांनी दारातूनच पाहिले की काही तुकडे छान आहेत आणि काही नाहीत, आणि हुकूम दिला की चांगले सगळे पुढच्या टाकीत आणा, उरलेले मागे न्या आणि वर ताडपत्री टाका. सगळेच बुडवले आहेत अशी त्यांची समजूत होती. चांगले ते औषधाचे यश, मेले ते आमच्या हलगर्जीपणाचे फळ. मेलेल्यांसाठी आम्हाला बोलणीही खावी लागली.

समितीच्या आदल्या दिवशी चारुशीला आणि मी शेडच्या पायरीवर बसलो होतो. समोर ओहोटी होती आणि खडपाची पाठ उघडी पडली होती. सबनीस उद्या पुढची टाकी दाखवणार, बाई पसंती देणार आणि चैत्रात खडपावरच्या सगळ्या वसाहती जांभळ्या पाण्यात जाणार, हे दोघांनाही दिसत होते. मला समितीसमोर बोलता येणार नाही, हेही तिला ठाऊक होते.

“तू नुसती चकती उलटी कर,” ती म्हणाली. “बोलान मी.”

मी प्रबंधाची आठवण करून दिली. सही सबनीसांची लागणार होती.

“ता प्रकरण मी फाडतलंय. खोटां ता खोटां. दोन वर्सां अजून लागतील, लागांदेत.” मग ती हसली. “तू घाबरलंस तर माका कोपरखळी मार. मी सांगीन याका पाण्याची भीती वाटता.”

त्या संध्याकाळी मला वाटले की आयुष्यात निदान एका माणसाशेजारी मला संकोच वाटत नाही. हे मी तिला सांगितले नाही. सांगायचे पुष्कळ दिवस पुढे पडले आहेत, असे मी धरून चाललो होतो.

समिती आली ती श्रीमती हिवाळे यांच्या रूपाने. बाकीचे दोन सदस्य बाहेर शहाळी पीत राहिले. हिवाळे मॅडम वनखात्यातल्या, निवृत्तीला आलेल्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचून आलेल्या बाई. त्या कमी बोलत आणि बोलणाऱ्याकडे न पाहता तो ज्याविषयी बोलतो आहे त्या वस्तूकडे पाहत. सबनीसांनी आज शेडमध्ये पाऊल टाकले; त्यासाठी जमीन पुसून कोरडी केली होती. ते समुद्राच्या अथांगतेवर बोलले, निर्मळतेवर बोलले, आणि पुढच्या टाकीवर हात फिरवून म्हणाले की हे आमच्या औषधाचे फळ.

हिवाळे मॅडम वाकून पाहत होत्या. चारुशीलेने माझ्याकडे पाहिले. मी बाह्या वर केल्या, पाण्यात हात घातला, एक चकती उचलली, उलटी केली आणि त्यांच्यासमोर धरली. मग दुसरी. मग तिसरी. सगळ्यांची बुडे पांढरी होती.

“औषध जांभळं असतं ना?” मॅडमनी विचारले.

“होय,” चारुशीला म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. “रंग सिमेंटमध्ये राहतो. ह्यांना औषध लावलेलंच नाही. लावलेले मागच्या टाकीत आहेत.”

मी ताडपत्री ओढली. मागच्या टाकीत हिरवी स्मशानशांतता होती. मॅडमनी स्वतः हात घातला, एक तुकडा उलटा केला आणि त्याचे जांभळे बूड बराच वेळ पाहिले. बाहेरून शहाळे फोडल्याचा आवाज आला.

सबनीसांचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्याची मी हिवाळाभर वाट पाहिली होती. तो पांढरा पडला, ओठ किंचित उघडले आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, पुन्हा जुळून आला. हे इतक्या लवकर झाले की मी त्याला कौशल्यच म्हणेन.

“अगदी बरोबर,” ते शांतपणे म्हणाले. “हाच तर प्रयोग होता, मॅडम. निम्मे औषधात, निम्मे औषधाविना. आपल्याला मी शेवटी हेच दाखवणार होतो. कोणतीही संस्था तुलनेशिवाय निष्कर्ष काढत नाही.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिले नव्हते.

“हे खरं आहे? ह्यांनी सांगितलं होतं तुम्हाला, निम्मे तसेच ठेवायला? कारण तसं नसेल, तर इथं काय चाललंय ते मला कळत नाही, आणि जे कळत नाही त्यावर मी सही करत नाही.”

चारुशीला माझ्या डाव्या हाताला उभी होती. तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला. तिच्याजवळ उत्तर तयार होते. पण प्रश्न मला होता. शेडच्या दारातून खडप दिसत होता. भरती लागली होती आणि त्याची पाठ हळूहळू पाण्याखाली जात होती. त्या पाण्याखाली काय काय श्वास घेत असेल, ते मला डोळे मिटूनही दिसे. मॅडमनी सही केली नाही तर दुसरी समिती यायला वर्ष लागणार होते, आणि सुरुंग कोणासाठी थांबणार नव्हते.

“हो,” मी म्हणालो. “सरांनीच सांगितलं होतं.”

आयुष्यात मी कोणाचा तिरस्कार केला असेल तो सगळा त्या एका शब्दात केला. भिकाऱ्याच्या कटोरीत नाणे टाकताना माणूस त्याच्याकडे पाहत नाही, तसा मी सबनीसांकडे न पाहता तो उच्चारला. त्यांना तो पुरला. त्यांनी रुमाल काढून कपाळ टिपले.

मॅडमनी काही क्षण माझा चेहरा निरखला. त्यांना कळले असावे, असे मला वाटते. त्या एवढेच म्हणाल्या की मग औषध बंद, एकही वसाहत बुडवायची नाही, तसे लेखी द्या, आणि जशीच्या तशी हलवा. त्यांनी टाकीच्या कडेवर कागद ठेवून सही केली. कागदाचा एक कोपरा भिजला.

मी चारुशीलेकडे वळलो तेव्हा तिची जागा रिकामी होती.

सबनीसांनी त्या संध्याकाळी मला बोलावले आणि पहिल्यांदा बसा म्हटले. तुम्ही या क्षेत्रात पुढे जाल, असे ते म्हणाले. समज आली आहे तुम्हाला. वर्ष सरायच्या आत ‘प्रवाळाच्या अंतरंगातील अदृश्य मित्र’ या विषयावर त्यांचे पहिले व्याख्यान झाले. बुरशीचा उल्लेख आला की त्यांचा आवाज भरून येई. मी तिथे नोकरीत कायम झालो आणि मला एक स्वतंत्र सूक्ष्मदर्शक मिळाला. ज्या बुरशीसाठी मला हात धुवायला सांगितले गेले होते, तिच्यावरच मी पुढची सगळी वर्षे काम केले. तो ‘हो’ चुकला, असे मला आजही वाटत नाही. त्या जागी दुसरा शब्द असता तर वसाहती नसत्या, हे साधे गणित आहे, आणि ते मी पुष्कळदा मांडून पाहिले आहे.

चारुशीलेने ते प्रकरण प्रबंधातून काढले, सबनीसांना त्याचे कारण स्पष्ट शब्दांत लिहून दिले आणि गोव्याला दुसऱ्या मार्गदर्शकाकडे गेली. तिची सगळी मांडणी पहिल्यापासून सुरू झाली. तरी चैत्रात, वसाहती हलवायच्या वेळी, ती आली. खडपावर तिच्याइतके सराईत कोणी नव्हते, आणि प्रवाळांशी तिचे भांडण नव्हते.

आम्ही एका होडीत होतो. ती खाली जाई, वसाहत सोडवी, टोपलीत ठेवी; मी वरून टोपली ओढी, वसाहत ओल्या गोणपाटाखाली झाकी आणि मग माझी पाळी येई. कामापुरते बोलणे होई. मधल्या विश्रांतीत ती होडीच्या काठावर बसून केस पिळत होती. मी धीर केला. मॅडम काय म्हणाल्या ते तू ऐकलेस, मी म्हणालो. सही झाली नसती. आज ही होडी इथे नसती. त्या सबनीसाची लाज राखण्यासाठी मी ते बोललो असे तुला वाटत असेल, तर ते तसे नव्हते. मी त्याला माणसातच धरीत नव्हतो.

तिने सगळे ऐकून घेतले. रागावलेली दिसली नाही. गोणपाटाचा एक कोपरा सरकला होता, तो तिने नीट केला.

“त्याका नाय रे,” ती म्हणाली. “माका पण माणसात धरलंस नाय. मी तुझ्या बाजूक उभी होतंय.”

मी काहीतरी उत्तर जुळवू लागलो. माझी वाक्ये नेहमी उशिरा तयार होतात. तोवर तिने तोंडावर मुखवटा ओढला, दोरीला हात घातला, आणि पाळी माझी होती तरी तीच खाली गेली. मी टोपली सोडली. बराच वेळ दोरी सैल राहिली. मग खालून दोनदा ओढली गेली, आणि मी वसाहत वर घेऊ लागलो.